१०६ की ११२? कॅमशाफ्टचा लोब सेपरेशन अँगल ठरवताना

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे देत आहे याबद्दल गैरसमज राहणार नाही. आपली एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेली) जिप्सी आहे. इंजिन १२९८ सीसीचे, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, आणि हेडमध्ये व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट एकच. हेड पोर्ट करून घेतले आहे, थोडे घासून कॉम्प्रेशन वाढवले आहे, मूळच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी ४-२-१ हेडर (चार पाइप आधी दोनांत आणि मग एकात जुळणारा) बसवला आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मूळचाच ठेवला आहे. कॅम ग्राइंड करणाऱ्याने दोन पर्याय पुढे केले आहेत. दोन्हींचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) २६४ अंश आणि लिफ्टही (व्हॉल्व्हची उचल) सारखी. फरक एवढाच की एकाचा लोब सेपरेशन अँगल (याचा अर्थ पुढे सांगतो) १०६ अंश आहे आणि दुसऱ्याचा ११२. गाडी पावसाळ्यात चिखलात ऑफ-रोडला जाते आणि एरवी घरच्यांना घेऊन सांगलीहून गोव्यापर्यंतही जाते. ‘कोन कमी तेवढा खालचा टॉर्क (म्हणजे कमी आरपीएमचा जोर) जास्त’ असे कोणी तरी सांगितल्यामुळे आपला कल १०६ कडे आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. या दोन कॅमपैकी एकही आपल्या कामाचा नेमका नाही. त्यातल्या त्यात एक घ्यायचाच झाला, तर ११२ चा घ्यावा आणि तो चार अंश पुढे, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढे आधी उघडतील आणि मिटतील असा, बसवावा. आपल्याला मिळालेला सल्ला पूर्ण खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि कॅमच्या बाबतीत अर्धा सल्ला पूर्ण चुकीच्या सल्ल्यापेक्षा महागात पडतो, कारण इंजिन चालू होते, गाडी पळतेही, आणि चूक कुठे झाली हे कळायला वर्ष जाते.

लोब म्हणजे कॅमवरचा व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा. लोब सेपरेशन अँगल म्हणजे एक्झॉस्ट लोबचे शिखर आणि इनटेक लोबचे शिखर यांच्यामधला कोन. तो कॅमच्या अंशांत मोजतात, तर व्हॉल्व्हच्या उघडझापीचे बाकीचे सगळे आकडे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) अंशांत असतात. कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे या कोनातला एक अंश क्रँकवर दोन अंशांएवढा होतो. बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. इनटेकचे शिखर टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो तो क्षण) किती अंशांवर येते आणि एक्झॉस्टचे शिखर टीडीसीच्या आधी किती अंशांवर येते, या दोन आकड्यांची सरासरी म्हणजे हा कोन. आपल्या जिप्सीसारख्या एकाच कॅमच्या इंजिनात तो ग्राइंडिंगच्या वेळीच कायमचा ठरतो. पुली पुढेमागे केल्याने दोन्ही लोब एकत्र सरकतात, त्यांच्यातले अंतर बदलत नाही. दोन कॅमच्या इंजिनात तो दोन पुल्यांनी बदलता येतो. इनटेकला व्हीव्हीटी (कॅमचे टायमिंग आपोआप बदलणारी यंत्रणा) असेल तर तो चालत्या गाडीतही बदलत राहतो. इनटेक कॅम क्रँकच्या हिशेबाने २० अंश पुढे गेला की कोन १० अंशांनी कमी होतो. जुन्या बुलेटमध्ये तर इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळ्या चाकांवर असतात. ठिपके जुळवताना एका चाकाचा एक दात चुकला की नवाच कोन तयार होतो, आणि मालक महिनाभर कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

आता मुख्य गोष्ट. इंजिनाला हा कोन कळतच नाही. इंजिनाला फक्त चार क्षण कळतात: इनटेक व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी मिटला, एक्झॉस्ट कधी उघडला आणि कधी मिटला. लोब सेपरेशन अँगल हा या चार क्षणांच्या हिशेबातून शेवटी उरणारा आकडा आहे. म्हणून मी कॅम निवडताना कधीही त्याच्यापासून सुरुवात करत नाही. आधी इनटेक कधी मिटायला हवा हे पाहतो, मग ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, किती चालेल ते पाहतो, आणि हे दोन ठरले की कोन आपोआप बाहेर येतो.

आपल्यासमोरच्या दोन कॅमवर हा हिशेब मांडून पाहू. ओव्हरलॅप काढण्याची रीत सोपी आहे: दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्यावी आणि त्यातून कोनाची दुप्पट वजा करावी. १०६ च्या कॅमला २६४ वजा २१२, म्हणजे ५२ अंश ओव्हरलॅप. ११२ च्या कॅमला २६४ वजा २२४, म्हणजे ४० अंश. कोनात सहाच अंशांचा फरक दिसतो, पण दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याच्या काळात तो बारा अंशांचा होतो. दोन्ही कॅम सरळ, म्हणजे पुढेमागे न करता बसवले असे धरले, तर १०६ चा इनटेक बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो तो क्षण) ५८ अंशांवर मिटतो आणि ११२ चा ६४ अंशांवर. एक्झॉस्ट अनुक्रमे बीडीसीच्या ५८ आणि ६४ अंश आधी उघडतो.

‘कमी कोन म्हणजे टॉर्क’ या म्हणण्यात खरेपणा आहे तो या आकड्यांत. इनटेक सहा अंश आधी मिटल्यामुळे कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन वर येताना पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलली जात नाही, आणि प्रत्यक्षात दाबली जाणारी हवा वाढते. एक्झॉस्ट उशिरा उघडल्यामुळे जळत्या वायूचा दाब पिस्टनला थोडा अधिक काळ ढकलतो. या दोन्ही गोष्टी खालच्या टॉर्कला मदत करतात. पण त्यांच्याबरोबर बारा अंशांचा जादा ओव्हरलॅपही पदरात पडतो, आणि खालच्या आरपीएमला तो उलट दिशेने काम करतो. आपल्याला सल्ला देणाऱ्याने पहिली बाजू सांगितली आणि दुसरी सोडून दिली.

ओव्हरलॅप वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. एक्झॉस्टमधून निघालेला दाबाचा धक्का हेडरच्या पाइपांच्या जोडापर्यंत जातो आणि तिथून खेचणारी लाट बनून परततो. ही लाट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना पोचली, तर ती ज्वलनकक्षातला उरलासुरला जळका वायू ओढून नेते आणि पिस्टन खाली सरकण्याआधीच ताज्या हवेला आत यायला लावते. रेसच्या इंजिनात मधल्या आरपीएमला अचानक जोर येतो तो इथूनच. अडचण अशी की पाइपांची लांबी ठरलेली असते, त्यामुळे ही लाट ठरावीक आरपीएमच्या आसपासच वेळेवर येते. ४,५०० ते ५,५०० आरपीएमसाठी जमवलेला हेडर २,००० आरपीएमला आपल्याला मदत करत नाही. त्या वेळी बहुधा दाबाचीच लाट परतते आणि जळका वायू इनटेकमध्ये ढकलते. चिखलात आपण ज्या १,५०० ते ३,००० आरपीएमच्या पट्ट्यात असता, त्या पट्ट्यात ५२ अंशांचा ओव्हरलॅप म्हणजे प्रत्येक वेळी थोडा धूर पुन्हा गिळण्यासारखे आहे.

चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हे आणखी तीव्र होते, आणि ही बाब परदेशी लेख वाचून कॅम निवडणारे बहुतेक जण विसरतात. १०६ ते १०८ अंशांची जी शिफारस आपल्याला वाचायला मिळते, ती प्रामुख्याने अमेरिकी पुशरॉड व्ही-८ इंजिनांच्या अनुभवातून आली आहे. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ७१७ सीसी असते आणि त्याला इनटेक व्हॉल्व्ह एकच; मोठा मानला जाणारा व्हॉल्व्हही २.०२ इंचांचा, म्हणजे ५१ मिलिमीटरच्या थोडा वर. एवढे मोठे सिलिंडर त्या एका दारातून भरायचे, म्हणून दार लवकर उघडणे भाग पडते. कोन कमी ठेवण्यामागचे कारण ते आहे. आपल्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी आहे आणि त्याला दोन इनटेक व्हॉल्व्ह आहेत. दोन लहान व्हॉल्व्हचा एकूण परीघ मोठा असतो, त्यामुळे ते जरासे उचलले तरी बरीच हवा जाते. ओव्हरलॅपच्या काळात व्हॉल्व्ह जरासेच उचललेले असतात. म्हणजे कागदावर तोच अंश असला, तरी सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात ओव्हरलॅपमधून प्रत्यक्ष जाणारा वायू जास्त असतो. व्ही-८ ला जो ५२ अंशांचा ओव्हरलॅप सौम्य वाटतो, तो आपल्या इंजिनाला सौम्य वाटणार नाही.

आता ईसीयू. आपली गाडी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सरने मोजते आणि त्यावरून पेट्रोल ठरवते. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो आणि थरथरू लागतो. ईसीयूला वाटते की इंजिनावर भार आला, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. इकडे जळक्या वायूने पातळ झालेले मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेला ऑक्सिजन ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो, आणि तो सेन्सर ‘मिश्रणात पेट्रोल कमी आहे’ असे सांगून आणखी पेट्रोल मागतो. गाडी खाली मरते, प्लग काळे होतात, वास येतो, आणि मालक इंजेक्टर साफ करण्याच्या मागे लागतो. ईसीयूचा मॅप (पेट्रोल किती द्यायचे याचा आतला तक्ता) नव्याने लिहून घेणार असाल तर यातले बरेचसे आवरता येते. आपण तो मूळचाच ठेवणार आहात, म्हणून मी ओव्हरलॅपबाबत एवढा हात आखडता घेत आहे.

व्हॅक्यूमवर आणखी एक गोष्ट चालते, ती म्हणजे ब्रेक बूस्टर, पायाच्या जोराला मदत करून ब्रेक हलका करणारा भाग. इथे माझीच चूक सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम सुरू केले त्या काळात मी एका ग्राहकाच्या जिप्सीत १०४ अंशांचा आणि लांब ड्युरेशनचा कॅम बसवला. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरेख पळाली आणि मी खूश होतो. पंधरा दिवसांनी गृहस्थ परत आले ते आंबा घाट उतरून, आणि चेहरा उतरलेला. ट्रकच्या मागे क्लच दाबून हळूहळू उतरताना पहिला ब्रेक नीट लागत असे, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पेडल दगडासारखे घट्ट. गेज लावून पाहिले तेव्हा आयडलिंगला पाऱ्याचे जेमतेम दहा इंच मिळत होते. निरोगी मूळ इंजिन साधारण अठरा ते वीस इंच देते. मी त्या गाडीला माझ्या खर्चाने जुना कॅम पुन्हा बसवला. तेव्हापासून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हॅक्यूम आयडलिंगला पंधरा इंचांच्या खाली जाणार असेल, तर मी तो कॅम बसवत नाही, ग्राहक कितीही आग्रह करो. आपल्याला गोव्याकडे जाताना घाट उतरावाच लागणार आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, आपल्याला १०६ च्या कॅमचा लवकर मिटणारा इनटेक हवा आहे, पण त्याचा ओव्हरलॅप नको आहे. मग हे दोन्ही वेगळे कसे करायचे?

योग्य मार्ग ड्युरेशन कमी करण्याचा आहे. कोनांची तुलना नेहमी सारख्या ड्युरेशनवर केली जाते, आणि त्यामुळेच दिशाभूल होते. सारख्या ओव्हरलॅपवर तुलना करून पाहा. २६४ अंशांचा कॅम ११२ वर ४० अंश ओव्हरलॅप देतो. २५२ अंशांचा कॅम १०६ वरही बरोबर ४० अंशच देतो. दोन्हींचे आयडलिंग जवळजवळ सारखे असेल. पण पहिल्याचा इनटेक बीडीसीनंतर ६४ अंशांवर मिटतो आणि दुसऱ्याचा ५२ अंशांवर. पहिला वरच्या आरपीएमचा कॅम आहे, दुसरा खालच्या जोराचा. कोणत्या आरपीएमला इंजिन श्वास चांगला घेईल हे मुख्यतः ड्युरेशन आणि इनटेक मिटण्याचा क्षण ठरवतात. ते ठरल्यावर कोनाचे काम एवढेच उरते की टॉर्कची रेघ एका ठिकाणी टोकदार करायची की दोन्ही बाजूंना पसरट ठेवायची.

म्हणून ग्राइंडरला विचारून पाहा की २५२ अंशांच्या आसपासचे ड्युरेशन १०८ अंशांवर मिळेल का. तो क्रँकचे दोन अंश पुढे बसवला, तर ओव्हरलॅप ३६ अंश राहतो, इनटेक बीडीसीनंतर ५२ अंशांवर मिटतो आणि एक्झॉस्ट बीडीसीच्या ५६ अंश आधी उघडतो. पोर्ट केलेले हेड, किंचित वाढवलेले कॉम्प्रेशन, मूळ ईसीयू आणि आपला वापर, या चारही गोष्टींना हा कॅम जुळतो. वरच्या टोकाला, ६,००० च्या पुढे, २६४ च्या कॅमपेक्षा तो कमी पडेल हे मान्य करूनच मी हे लिहीत आहे. चिखलात रुतलेल्या जिप्सीला ६,००० आरपीएमवर फक्त चारी बाजूंना चिखल उडवता येतो.

ग्राइंडर मूळ कॅमवरच पुन्हा घासून काम करत असेल, तर त्याला कोन हवा तसा बदलता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. लोबचे शिखर बाजूला सरकवायचे तर त्या बाजूला लोखंड शिल्लक असावे लागते. थोड्या अंशांपुढे गेले की खालचे वर्तुळ फार लहान करावे लागते, रॉकरची बैठक बिघडते आणि वरचा कठीण थर पातळ होऊन लोब लवकर झिजतो. ‘कितीही अंश करून देतो’ असे कोणी छातीठोकपणे म्हणाले, तर मी त्याला शिल्लक वर्तुळ किती मिलिमीटर राहील ते आधी विचारतो. कोऱ्या ओतीव कॅमवर ग्राइंड करून मिळत असेल तर हा प्रश्न येत नाही; सोलापुरात कॅमशाफ्टचा मोठा उद्योग असला तरी एकट्या-दुकट्या नगासाठी कोरा कॅम मिळवणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे.

हे शक्य नसेल आणि हातात तेच दोन कॅम असतील, तर ११२ चा घेऊन तो क्रँकचे चार अंश पुढे बसवावा, असे मी वर म्हटले त्याचे कारण आता स्पष्ट होईल. असे केल्यावर इनटेकचे शिखर टीडीसीनंतर १०८ अंशांवर येते आणि इनटेक बीडीसीनंतर ६० अंशांवर मिटतो. १०६ चा कॅम ५८ वर मिटत होता. म्हणजे फरक दोनच अंशांचा उरला, आणि ओव्हरलॅप मात्र ४० वरच राहिला, कारण कॅम पुढेमागे केल्याने ओव्हरलॅप बदलत नाही. याची किंमत एक्झॉस्टच्या बाजूला मोजावी लागते. तो आता बीडीसीच्या ६८ अंश आधी उघडतो, आणि जळत्या वायूचा थोडा जोर पाइपात वाया जातो. माझ्या अनुभवात खालच्या आरपीएमला हे नुकसान जादा ओव्हरलॅपच्या नुकसानापेक्षा कमी असते. मात्र मूळ, अरुंद एक्झॉस्ट असलेल्या गाडीत आणि आपल्यासारख्या हेडर बसवलेल्या गाडीत हे प्रमाण वेगळे येते, म्हणून हे मी नियम म्हणून सांगत नाही.

परिस्थिती बदलली तर माझे उत्तरही बदलेल. केवळ रॅलीसाठी गाडी असती, ईसीयू नव्याने ट्यून केलेला असता आणि इंजिन सतत ४,००० च्या वर राहणार असते, तर मी १०६ चा कॅम आनंदाने घेतला असता. टर्बो बसवायचा विचार असेल तर दोन्ही बाजूला ठेवून ११२ ते ११६ च्या पट्ट्यात पाहावे, कारण टर्बोआधी एक्झॉस्टमध्ये साचलेला दाब इनटेकपेक्षा जास्त असेल तर ओव्हरलॅपमध्ये वायू उलटाच वाहतो. सुपरचार्जरलाही मोठाच कोन लागतो, पण वेगळ्या कारणाने: तिथे ताजे मिश्रण थेट सायलेन्सरकडे निघून जाते. आणि केवळ आयडलिंगचा तो गडगडता आवाज हवा म्हणून कोन कमी करायचा असेल, तर स्पष्ट सांगतो की तो व्ही-८ च्या फायरिंगला शोभतो. चार सिलिंडरच्या इंजिनात तोच आवाज ऐकून शेजारी विचारतात, ‘एक प्लग गेला का हो?’

२६४ हा आकडा कोणत्या लिफ्टवर मोजला आहे, हे पैसे देण्यापूर्वी अवश्य विचारावे. कोणी ०.१ मिलिमीटर उचलीवर मोजतो, कोणी १ मिलिमीटरवर, तर अमेरिकी पद्धतीत ०.०५० इंचावर, म्हणजे १.२७ मिलिमीटरवर मोजतात. एकाच कॅमचे आकडे या पद्धतींत चाळीस-चाळीस अंशांनी वेगळे येतात. मी वर केलेला सगळा हिशेब, हे २६४ अंश अगदी कमी उचलीवर मोजलेले जाहिरातीतले ड्युरेशन आहे असे धरून केला आहे. ते १ मिलिमीटरवरचे निघाले, तर दोन्ही कॅम आपल्या गाडीसाठी फारच मोठे आहेत आणि दोन्ही परत करावेत.

बसवताना केवळ पुलीवरच्या खुणांवर विसंबू नये. हेड घासले आहे, म्हणजे कॅम क्रँकच्या जवळ आला आहे आणि टायमिंग बेल्टमुळे त्याचे टायमिंग थोडे सरकलेले असणार. डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावावे, पिस्टन स्टॉपने खरा टीडीसी शोधावा, आणि डायल गेजने इनटेक लोबच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या उचलीचे बिंदू घेऊन त्यांचा मध्य काढावा. चार अंश पुढे करायला सरकती पुली लागते. बेल्टचा दात सरकवून ते साधत नाही, कारण ४८ दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश होतात.

कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या अधिक जवळ येतो, आणि घासलेल्या हेडमुळे ते अंतर आधीच कमी झालेले आहे. पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून, जुनी का होईना पण घट्ट गॅस्केट घालून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि दाबलेली जाडी मोजावी. इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर अंतर मिळाले पाहिजे. सर्वांत जवळची जागा टीडीसीवर नसते. एक्झॉस्टची त्याच्या सुमारे दहा अंश आधी आणि इनटेकची सुमारे दहा अंश नंतर असते, म्हणून केवळ टीडीसीवर मोजून समाधान मानू नये. अंतर कमी निघाले तर कॅम सरळ बसवावा आणि ते चार अंश सोडून द्यावेत.